सुवेळच्या डायलला बसणारं मशीन

मालन करंगुटकरला हौशी लोकांचा मनापासून राग येई, आणि तो ती लपवत नसे.

बोरिवली पश्चिमेला, स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या एका घड्याळांच्या दुकानात दारालगतचं काचेचं टेबल तिचं. आतल्या भागात मालक भिंतीवरची घड्याळं विकायचा, सेल बदलून द्यायचा. चावीची आणि ऑटोमॅटिक घड्याळं मात्र मालनच उघडायची. वय छप्पन्न, उजव्या डोळ्याला भिंग, बोटं बारीक आणि स्थिर. गिऱ्हाईक दोनदा तेच विचारायला लागलं की ती भिंग न काढता म्हणायची, "एकदा सांगितलं ना?" मालक हसून सांभाळून घ्यायचा, कारण मुलुंड-घाटकोपरपासून लोक तिच्या हातासाठी येत, त्याच्या हसण्यासाठी नव्हे.

गेल्या चार-पाच वर्षांत मात्र तिच्याकडे निराळीच माणसं यायला लागली होती. ती घड्याळ दुरुस्त करून घ्यायला येत नसत, बनवायला येत. घड्याळाची बाहेरची केस एका ठिकाणाहून मागवलेली, काटे दुसऱ्या ठिकाणाहून, आणि डोक्यात पन्नास व्हिडिओ. घड्याळाच्या पोटातल्या यंत्राला या धंद्यात सगळे मशीन म्हणतात. ही मुलं मूव्हमेंट म्हणायची आणि मालनला समजावून सांगायची. अकरा वर्षं जिने रोज शंभरावर मशीनं तपासून पुढे सरकवली, तिला.

जानेवारीतल्या एका शनिवारी अशीच एक मुलगी आली. पंचविशीची, अंधेरीला कुठल्याशा डिझाइनच्या ऑफिसात काम करणारी, राहायला मुलुंडला. नाव गार्गी. तिने टेबलावर रुमाल पसरला आणि त्यावर प्लॅस्टिकच्या तीन पुड्या ओळीने मांडल्या.

"काकू, मला आजोबांसाठी घड्याळ बनवायचंय. मार्चमध्ये ते पंचाहत्तर पूर्ण करतात. फक्त मूव्हमेंट कुठली घालू ते ठरत नाहीये."

"मी कोणाची काकू नाही," मालन म्हणाली. "बोल."

मुलगी जरा वरमली, पण बोलली. पहिल्या पुडीत जपानी ऑटोमॅटिक होतं. मनगट हललं की आपोआप चावी भरणारं. दुसरीत चिनी, मोठं, हाताने चावी द्यायचं. मागून काच लावली की फार देखणं दिसतं, असं तिने वाचलं होतं. तिसरं जुनं, लहानसं, चावीचंच.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? तुम्ही लोक मशीन आधी घेता आणि मग घड्याळ शोधत फिरता. डायल कुठली? केसची खोली किती? काट्यांची भोकं कुठल्या मापाची? हे काही आणलंयस?"

"डायल आहे." गार्गीने पर्समधून काड्यापेटीएवढी डबी काढली. "ही आजोबांची. हीच लावायची, एवढं पक्कं आहे. मी केस त्या मापाचीच घेतलीये."

मालनने चिमट्याने डायल उचलली. पांढरी, सोनेरी आकड्यांची, बाराच्या खाली बारीक अक्षरांत 'सुवेळ' लिहिलेलं. तिने ती उलटी केली. मागे दोन तांब्याचे पाय होते, टाचणीएवढे बारीक. हे पाय मशीनच्या दोन भोकांत बसतात तेव्हाच डायल बसते. पायांच्या जागा प्रत्येक मशीनच्या वेगळ्या. या पायांच्या जागा मालनने झोपेतही दाखवल्या असत्या.

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत, पहिल्या मजल्यावर, सुवेळचं युनिट होतं. मशीनं बाहेरून यायची, डायल-काटे-केस इथे चढायचे. बायकांची एक लांब रांग. रांगेच्या शेवटी तपासणीला मालन.

तिने तिसऱ्या पुडीतलं जुनं मशीन भिंगाखाली धरलं. तेच होतं. सतरा ज्वेलचं, म्हणजे आत सतरा बारीक खडे बसवलेलं, कधीही न वापरलेलं.

"हे कुठून आणलंस?"

"घरातलंच. आजोबांच्या कपाटात अख्खा ट्रे आहे असल्यांचा. त्यांना विचारलं नाही, सरप्राइज आहे ना."

"आजोबांचं नाव काय?"

"श्यामकांत वैद्य."

मालनने डायल परत डबीत ठेवली. मशीन पुडीत घातलं. एरवी तिने एवढ्यात 'नाही जमायचं' म्हणून मुलीला वाटेला लावलं असतं.

"ही बाकीची दोन या डायलला बसणार नाहीत," ती म्हणाली. "पाय कापून चिकटवावी लागेल, आणि चिकटवलेली डायल मी करत नाही. बसलं तर हेच बसेल. पण एकावर भागायचं नाही. वीस वर्षांचं तेल डिंकासारखं झालेलं असतं. पुढच्या शनिवारी ट्रे घेऊन ये. त्यातलं बरं निघेल ते बघते."

गार्गी खूश होऊन गेली. जाताना थँक्यू म्हणाली. मालन पुढच्या घड्याळाकडे वळली.

तो आठवडा मालनने कसा काढला ते तिच्या नवऱ्यालाही कळलं नाही. नंदू करंगुटकर तसाही तिच्याकडे फारसं बघत नसे. वडील गिरणीत होते, हा एका शाळेत शिपाई होता, आता निवृत्त. चारकोपच्या सेक्टरमधल्या त्यांच्या दोन खोल्यांत दिवसभर बातम्या चालू असायच्या. मालन डबा भरायची, जायची, यायची, भाकऱ्या टाकायची. दोघांत बोलणं होई ते गॅस संपला, पाणी आलं, एवढंच. शेजाऱ्यांना वाटे की मुलगी लग्न होऊन गेल्यापासून हे असं आहे. ते त्याच्याही खूप आधीपासूनचं होतं.

पुढच्या शनिवारी गार्गीने ट्रे आणला. निळ्या प्लॅस्टिकचा, झाकणाचा, पंचवीस खणांचा. एक खण रिकामा. झाकणाच्या कोपऱ्यावर पिवळी पडलेली चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर निळ्या पेनाने लिहिलेलं: तपासले, मा. क., १४-८-२००३.

अक्षर मालनचं होतं.

चौदा ऑगस्टला गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी सुट्टी म्हणून सगळ्यांची घाई चाललेली. मालनने ट्रे तपासून, चिठ्ठी लावून, सुपरवायझर वैद्य साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि घरी गेली. शनिवारी कामावर आली तर ट्रेची स्टोअरमध्ये नोंदच नव्हती. वैद्य साहेब म्हणाले, माझ्याकडे आलाच नाही. संडासाच्या पॅसेजमध्ये नेऊन दोन बायकांनी मालनची झडती घेतली. डब्यातली भाजी चमच्याने उकरून बघितली. मग वैद्य साहेब सगळ्या रांगेसमोर म्हणाले की आपल्यातल्याच एका बाईने खाल्ल्या घरचे वासे मोजले, पण तिला लहान मुलगी आहे, म्हणून आपण पोलिसांत जात नाही. हे उपकार म्हणून सांगितलं गेलं. तिने राजीनाम्याच्या कागदावर सही केली.

वसाहतीत आणखी दोन युनिटं होती. दोन्हीकडे ती गेली, दोन्हीकडे तिच्या आधी बातमी पोचली होती. पुढची सात वर्षं तिने खोट्या दागिन्यांना खडे चिकटवले. मग बोरिवलीच्या या दुकानातल्या म्हाताऱ्या घड्याळजीला, म्हणजे आत्ताच्या मालकाच्या वडिलांना, मोतीबिंदू झाला आणि त्याने तिला टेबलावर बसवलं. त्याने विचारलं होतं, आधीचं काम का सोडलंस? ती म्हणाली, सोडलं नाही, काढलं. म्हाताऱ्याने पुढे काही विचारलं नाही.

"बरी आहेत का?" गार्गीने विचारलं.

मालनने चिठ्ठीवरून बोट काढलं. "मशीनं बरी आहेत. पण चावीचं घड्याळ रोज फिरवावं लागतं. आजोबांच्या हातात ताकद आहे का?"

गार्गीचा चेहरा उतरला. "उजवा हात थरथरतो. कंपवात आहे. म्हणून मी आधी ऑटोमॅटिक म्हणत होते. थरथरीनेच चावी भरत राहील असं मला वाटलं."

"तेवढ्याने काही भरत नाही. माणूस चालायला-फिरायला लागतो."

"मग?"

"मग हात बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही. मला घरी ने."

"पण मग सरप्राइज राहणार नाही."

"राहील," मालन म्हणाली.

रविवारी सकाळी दोघी बोरिवलीहून मुलुंडच्या बसमध्ये बसल्या. गार्गीने वाटेत दोन-तीनदा बोलायचा प्रयत्न केला. मालन पिशवी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत राहिली. पिशवीत ट्रे होता.

वैद्यांचं घर चौथ्या मजल्यावर, नीटनेटकं. गार्गीचे आईवडील बाहेर गेले होते. श्यामकांत वैद्य बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर, हाताखाली उशी. हात थांबत नव्हता.

"आजोबा, या घड्याळाचं काम करतात," गार्गी म्हणाली. "सहज आल्यात."

त्यांनी मान वर केली. ओळखायला एक क्षणही लागला नाही.

"मालन," ते म्हणाले. "बस."

मालन बसली नाही. तिने ट्रे काढून त्यांच्यासमोरच्या टीपॉयवर ठेवला, चिठ्ठी त्यांच्याकडे करून. वैद्य ट्रेकडे बघत राहिले. मग गार्गीकडे.

"तू कपाट उघडलंस?"

"आजोबा, मला घड्याळ बनवायचं होतं तुमच्यासाठी. काय झालं?"

"तुझे आजोबा सांगतील काय झालं," मालन म्हणाली. "सांगा, वैद्य."

एवढ्या वर्षांत तिने 'वैद्य साहेब' याशिवाय त्यांना हाक मारली नव्हती. तो शब्द गळलेला त्यांनाही कळला.

"मालन, फार जुनी गोष्ट आहे. मालकांचा दबाव होता. माल कमी निघाला की मला उत्तर द्यावं लागायचं. तुलाही माहितीये तेव्हा काय परिस्थिती होती."

"मी परिस्थिती विचारली नाही. हा तुमच्याकडे कसा?"

"नंतर सापडला."

"कधी?"

"पुढच्या वर्षी. दिवाळीची साफसफाई होती. स्टोअरचं लोखंडी कपाट हलवलं, त्याच्या मागे पडला होता."

"पुढच्या वर्षीच्या दिवाळीला. म्हणजे पंधरा महिन्यांनी. मी तेव्हा कुठे राहत होते?"

वैद्यांची नजर चिठ्ठीवर गेली.

"चारकोपलाच राहत होते. कारखान्यापासून चालत बारा मिनिटं. शिपाई पाठवला असतात तरी आले असते."

"युनिट बंद पडायच्या बेतात होतं. तुला परत घेणं शक्यच नव्हतं. उकरून काय मिळणार होतं कोणाला?"

"मला मिळालं असतं," मालन म्हणाली. "आणि मागे पडायला तो कपाटावर ठेवला कोणी होता?"

गार्गी दाराशी उभी होती. तिला आता बरंचसं समजलं होतं, आणि आजोबा पुढे काय बोलतात याची तीही वाट बघत होती. वैद्यांनी डाव्या हाताने उजवा हात दाबून धरला.

"मीच," ते म्हणाले. "सुट्टीची घाई होती. वर ठेवला आणि विसरलो. सापडला तेव्हा आठवलं."

"झडतीच्या वेळी आठवलं नाही."

"नाही. देवाशपथ नाही."

"देवाला यात घेऊ नका."

तिचा आवाज चढला नव्हता. वैद्यांना वाटलं असावं की ही आता रडेल आणि मग आपल्याला माफी मागता येईल. त्यांनी सुरुवातही केली. "मी मनापासून तुझी..."

"ते नको मला," मालन म्हणाली. "कागदावर द्या."

"काय?"

"मी सही केली होती ना कागदावर? तुम्हीही करा. काय झालं ते लिहा."

"मला लिहिता येत नाही आता. हात बघतेयस ना तू."

"हिला येतं," मालनने गार्गीकडे बोट दाखवलं. "तुम्ही सांगा, ही लिहील."

गार्गी म्हणाली, "प्लीज, आत्ता नको. त्यांची तब्येत..."

"माझी झडती घेतली तेव्हा माझी तब्येत कोणी विचारली नव्हती. कागद आण."

गार्गीने आजोबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. तिने ऑफिसच्या वहीतला कागद फाडला आणि जेवणाच्या टेबलाशी बसली.

वैद्यांनी सांगायला सुरुवात केली. कारखान्याचं नाव, तारीख, सगळं व्यवस्थित. कागदपत्रांची त्यांना सवय होती. मग म्हणाले, "सदर ट्रे गैरसमजातून गहाळ समजण्यात आला व त्यामुळे श्रीमती करंगुटकर यांना..."

"गैरसमज खोड," मालन गार्गीला म्हणाली.

पेन थांबलं.

"'समजण्यात आला' पण खोड. कोणी समजलं? लिही, मी ट्रे कपाटावर ठेवला. मी विसरलो. मी सगळ्यांसमोर मालन करंगुटकरला चोर म्हटलं. पंधरा महिन्यांनी ट्रे मला सापडला. तो मी घरी नेला आणि कोणाला सांगितलं नाही."

"मालन, एवढं स्पष्ट..." वैद्य म्हणाले.

"त्या दिवशी तुम्ही स्पष्टच बोलला होतात."

खाली सोसायटीत कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मग गार्गीने आजोबांना न विचारता लिहायला घेतलं. एकेक वाक्य, मालनने सांगितलं तसं. 'मी' लिहिताना तिचं अक्षर लहान होत गेलं. लिहून झाल्यावर तिने कागद आजोबांपुढे एका पुस्तकावर धरला आणि त्यांचं मनगट पकडून ठेवलं. सही वेडीवाकडी आली, पण आली.

मालनने कागद वाचला, घडी घातली, ब्लाउजमध्ये ठेवला. ट्रे उचलून पिशवीत टाकला.

"हा मी नेतेय. दुकानात लागतील तसे वापरीन. आजकाल असले पार्ट मिळत नाहीत."

वैद्यांचे डोळे भरून आले होते. मालनने ते पाहिलं आणि तिला काहीही वाटलं नाही. ती जिन्याकडे गेली.

दुसऱ्या मजल्यावर गार्गीने तिला गाठलं.

"तुम्ही मला वापरलंत."

"हो."

"मी काय केलं होतं तुमचं?"

"काही नाही," मालन म्हणाली. "मी तरी कोणाचं काय केलं होतं?"

गार्गी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. मालन चार पायऱ्या उतरली आणि वळली. गार्गीने विचारलेल्या कामाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, आणि अर्धवट काम तिला चालत नसे.

"तुझ्या आजोबांना चावी फिरवता येणार नाही. ऑटोमॅटिक त्यांच्या हातावर दीड दिवसात बंद पडेल. त्यांच्यासाठी यातलं कुठलंच मशीन नाही. सेलचं घड्याळ आण, मोठ्या आकड्यांचं. बनवायचंच असेल तर स्वतःसाठी बनव. तू धावपळ करतेस, तुला जपानी चालेल. दुसरी डायल घे."

"मला आता काहीच बनवायचं नाहीये," गार्गी म्हणाली.

"नको बनवूस," मालन म्हणाली आणि खाली गेली.

तीन आठवड्यांनी ती मुलगी पुन्हा दुकानात आली. तिने साधी काळी डायल आणली होती, पाय योग्य जागी असलेली, आणि तेच जपानी मशीन. नमस्कार-चमत्कार झाले नाहीत. चावीच्या दांड्याची लांबी कशी मोजायची एवढंच तिने विचारलं. मालनने स्टुलाकडे बोट दाखवलं. पहिला दांडा गार्गीने आखूड कापला, दुसराही. मालन तिच्याकडे न बघता म्हणाली, "घाई कशाची आहे? जरा लांब ठेव आणि कानशीने कमी कर." तिसरा बसला. आजोबांचा विषय कोणीच काढला नाही. पुढच्या दोन शनिवारांत तिने घड्याळ बांधलं, मनगटावर चढवलं आणि ती गेली. नंतर काही ती दिसली नाही. मालनने वाटही बघितली नाही.

कागद मात्र या सगळ्या दिवसांत मालनच्या पर्समध्येच होता. कोणाला दाखवायचा ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तेच तिच्याने होत नव्हतं.

मार्चच्या एका रविवारी दुपारी नंदू जेवायला बसला असताना तिने टीव्ही बंद केला. तो चिडून बघायला लागला. तिने कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"काय ता?" त्याने त्याच्या मालवणीत विचारलं.

"वाचा."

त्याने हात पुसून चष्मा लावला. नंदूला वाचायला वेळ लागे. तो ओठ हलवत वाचत होता, आणि मालनला त्याच्या ओठांवरून कळत होतं तो कुठल्या ओळीवर आहे. 'चोर' या शब्दावर ओठ थांबले. शेवटपर्यंत जाऊन तो पुन्हा वर आला आणि दुसऱ्यांदा वाचलं.

"बघ," तो म्हणाला. "माका म्हायतीच होता तू घेवक नाय."

मालन समोर बसली. त्या शनिवारी, झडती देऊन घरी आली तेव्हा, ती याच खोलीत, याच भिंतीला टेकून बसली होती. मुलगी शाळेतून यायची होती. नंदूने सगळं ऐकून घेतलं होतं आणि दार लावून हळूच म्हणाला होता, घेतलं असशीत तर सांग, मी गुपचूप नेऊन ठेवतंय. रागावून नव्हे, प्रेमाने म्हणाला होता. तिची बाजू घ्यायची म्हणूनच म्हणाला होता. वैद्यांचे शब्द तिने वीस वर्षं पचवले. हे वाक्य तिला पचलं नव्हतं.

"तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता, आठवतंय?" तिने विचारलं.

"काय म्हटलेलं?"

तिने सांगितलं, शब्दाला शब्द.

नंदूचा हात ताटावरच राहिला. त्याला आठवत नव्हतं. ते त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. तो खोटं बोलत नव्हता, आणि हे तिला त्याहून वाईट वाटलं. एवढी वर्षं ती ज्या वाक्याशी भांडत आली, ते ज्याच्या तोंडचं होतं त्याच्याकडे नव्हतंच.

"मी तुझ्या भल्यासाठी म्हटलं असतलं," तो शेवटी म्हणाला.

"हो. भल्यासाठीच."

"मग इतकी वर्षां कित्याक गप रवलंस? तेव्हाच भांडायचा होतास."

"तुम्हीही मला चोर समजता हे कळल्यावर भांडून काय करणार होते?"

नंदू भात चिवडत राहिला. मग त्याने विचारलं, "माझ्या भावाक कागद दाखवू? त्याकाही तेव्हा वाटलेला..."

"कोणाला दाखवायचा ते मी ठरवीन."

तिने कागद उचलला. त्यावर आमटीचा एक थेंब पडला होता, तो तिने पदराने टिपला.

"आता तरी नीट बोलशीत ना माझ्याशी?" नंदूने विचारलं. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी भीती होती.

मालनने विचार केला. तिला कोणाला दुखवायचं म्हणून गप्प बसायचं नव्हतं, की कोणाला बरं वाटावं म्हणून बोलायचंही नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. मग तिने त्याच्या ताटात आमटी वाढली, कारण त्याची संपली होती.